दियोरसाठी मुलगी, दर रविवारी एक गाव

४ मे, गुरुवार

नाही म्हणायची सोयच ठेवली नाही बाईनं! मी आपला खिडकीपाशी बसलो होतो. फेब्रुवारीत नोकरी संपल्यापासून ती खुर्ची माझीच आहे. तर साओदत समोर येऊन उभी राहिली, कमरेवर हात. "रविवारी पार्केंतला जायचंय. दियोरसाठी मुलगी बघायला. गाडी तुम्ही चालवायची."

म्हटलं, बसनं जा.

"मुलाची आई बसनं गेली तर मुलीकडचे काय म्हणतील? बाप कुठंय, मेला का?"

पन्नास किलोमीटर जायचं, पन्नास यायचं.

दियोर एक सप्टेंबरला येतोय. वीस दिवसांची रजा. तेवढ्यात ठरलं तर ठरलं. नाहीतर परत कोरियाला, त्याच कारखान्यात, आणि या वेळचा करार तीन वर्षांचा. तोवर तिशी उलटेल. मग तिकडचाच होऊन बसेल, आणि आम्ही दोघं फोनच्या काचेत त्याचं तोंड बघत म्हातारे होऊ. एकुलता एक आहे. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. म्हणून हो म्हणालो.

७ मे, रविवार

पार्केंत. मुलगी नापसंत!

बघायला बायकांनीच जायचं, पुरुषांचं तिथं काम नाही. मी गाडीत. साओदत नान आणि मिठाईची बोचकी घेऊन आत गेली. एकटीच. "बहिणीला तरी घ्यायचं बरोबर," मी म्हटलं. तर, "आजकाल एकटीच जातात हो, तुम्हाला काय माहीत, तुम्ही जन्मभर जमिनीखाली." तेही खरंच. चौतीस वर्षं ताश्कंदच्या मेट्रोची गाडी हाकली. वर काय बदललं ते मला कोण सांगणार?

अर्धा तास म्हणाली, दोन तास लावले. गाडीत बसून कंटाळलो, म्हणून गल्लीत पाय मोकळे करायला उतरलो. गल्लीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत द्राक्षांचे मांडव. खाली सावली, सावलीत पाट वाहतोय, पाटाच्या काठी एक म्हातारा कोबी धूत बसलेला. मला म्हणाला, "कोणाकडे आलात?" म्हटलं, मुलगी बघायला. म्हणाला, "मग उन्हात का उभे? मुलाचा बाप काळा पडला तर मुलगी पळून जाईल." घरात नेऊन चहा पाजला. चांगला माणूस. डोंगर इतका जवळ दिसतो की हात लावावा.

साओदत बाहेर आली. "काय झालं?" — "चहा कपभर ओतला तिनं. काठोकाठ!" म्हणजे प्या आणि चालू लागा. पाहुण्याला अर्धाच कप द्यायचा, पुन्हा पुन्हा द्यायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. असली सून नको.

८ मे

परतीचा रस्ता दुसरा घ्यायला हवा होता. वरच्या अंगानं गेलं तर बागा लागतात म्हणे.

२१ मे, रविवार

होजाकेंत. पार डोंगराच्या तोंडाशी. इथली मुलगी साओदतला कुणीतरी सुचवलेली, कोण ते सांगत नाही.

ती आत, मी चिनारांखाली. काय ती झाडं! एकेकाचा बुंधा आमच्या स्वयंपाकघराएवढा. खाली झऱ्याचं पाणी, पाण्यावर लाकडी बैठका टाकलेल्या, वर लोक लोळतायत, पोरं पाण्यात कलिंगडासारखी डुंबतायत. मी तीन सीख कबाब मागवले. वयस्कर कबाबवाला विचारतो, "एकटेच, आका?" म्हटलं, बायको कामावर आहे. "आणि तुम्ही?" म्हटलं, मीही कामावरच आहे! दोघं हसलो. केव्हापासून हसलो नव्हतो, गालफडं दुखली.

काही लोक दाटीवाटीनं बैठकीवर चढत होते. सवयीनं तोंडातून गेलंच — "सावधान, दारं बंद होत आहेत!" एका बाईनं ओळखलं. "अय्या, मेट्रोतले! मी युनुसाबादहून रोज तुमच्याच गाडीनं जात असेन!" मग काय, त्यांनी मला वर ओढून घेतलं. तुती खाल्ल्या. डोक्यावरच्या दोप्पीवर डाग पडला, जाणार नाही.

मुलगी? "नाक मोठं आहे." साओदतचं स्वतःचं नाक कसं आहे ते मी लिहीत नाही. ही वही घरातच राहते.

२८ मे, रविवार

गझलकेंत. मुलगी जोरात हसते म्हणे. नापसंत. चेरी दोन बादल्या आणल्या.

११ जून, रविवार

आज वाद झाला. गझलकेंतच्या पुढच्या एका गावात गेलो होतो, नदीकाठी. मी नदीत पाय सोडून बसलो, पाणी बर्फासारखं, पाच मोजेपर्यंत बाहेर काढायचे, पुन्हा सोडायचे. हा खेळ तासभर. तेवढ्यात साओदत आली — आणि भुवया हिरव्यागार! उस्म्याचा रस चोळलेला! मी बघतच राहिलो. घरात चार बायका जमल्या, गप्पा रंगल्या की तो पाला खुडून एकमेकींच्या भुवया रंगवतात, हे मला माहीत आहे. पण सोयरीक करायला गेलेली बाई?

"हे काय?"

"त्यांनी आग्रहच केला हो. नाही कसं म्हणणार?"

"आणि मुलगी?"

"मुलगी..." जरा थांबली. "मुलगी डावखुरी आहे."

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. म्हटलं, दियोर स्वतः डावखुरा आहे, बाई! तू त्याची आई ना? तर म्हणाली, "म्हणूनच. एका घरात दोन कशाला? ताटावर कोपरं आपटतील." मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. खांदे हलत होते. मला वाटलं, रागावून बोललो म्हणून रडतेय. वाईट वाटलं. वाटेत तंदुरातला गरम सामसा घेऊन दिला.

१२ जून

डावखुरी!

२ जुलै, रविवार

चिल्ल्याचे, म्हणजे भाजून काढणाऱ्या उन्हाचे, चाळीस दिवस सुरू झालेत. डांबर पायाला चिकटतं. आज चिनोझ. मुलगी मास्तरीण.

नदीकाठच्या चायखान्यात तळलेला मासा खाल्ला, वर लसूण घातलेला टोमॅटोचा रस्सा. बोटं चाटत बसलो. शेजारच्या बैठकीवर एक जण एकटाच बसलेला, तोंड पाडून, मासा थंड होतोय. ओळख काढली. फेरीबोटीवर होता चाळीस वर्षं, इकडून तिकडे माणसं, गुरं, गाड्या नेणारी फेरी. ती गेल्या वर्षी संपली, पेन्शन लागली. म्हणाला, "सकाळी उठतो आणि बूट घालतो. मग आठवतं, कुठं जायचं नाही. मग काढतो." मी म्हटलं, बायकोला घेऊन फिरा की जरा! इतकी गावं आहेत आजूबाजूला! पार्केंतला जा, होजाकेंतला चिनारांखाली जाऊन बसा, माणूस घरात बसून आंबतो हो! असा पाऊण तास मी त्याला उपदेश केला. रस्ते काढून दिले कागदाच्या रुमालावर. कुठं वळायचं, कुठं पेट्रोल मिळतं, कुठल्या कबाबवाल्याकडे जायचं नाही, सगळं.

साओदत केव्हाची मागं येऊन उभी होती. माझ्या ताटातला उरलेला मासा तिनंच संपवला.

मुलगी नापसंत. कारण मी विचारलंच नाही, तीच सांगायची विसरली. अर्ध्या वाटेवर विचारलं तेव्हा म्हणाली, "उंच आहे."

९ जुलै, रविवार

आज जाणं नाही. साओदतची दाढ दुखतेय. दिवसभर घरात बसून जीव नकोसा झाला. खाली जाऊन गाडी धुतली. शेजारचा मावलोन विचारत होता, "एर्गाश आका, हल्ली दर रविवारी कुठं गायब असता?" म्हटलं, पोरासाठी मुलगी बघतोय. म्हणाला, "तुम्हाला बघून वाटतं, तुमचंच लग्न ठरलंय." गाढव.

१६ जुलै, रविवार

पिस्केंत. खरबुजांचा ढीग, ढिगावर माशा आणि माणसं सारखीच. चव बघायला दिलेल्या फोडींवरच पोट भरलं.

पण आज मी मनापासून चिडलोय. आठवी मुलगी, न लिहिलेल्या दोन धरून! हिच्यात खोट काय, तर हिच्या काकाला घोरायची सवय. काकाला! मी म्हटलं, साओदत, तू पोराचं लग्न करायला निघालीस की मोडायला? दीड महिना उरलाय. दियोर येईल, बसेल, जाईल. तीन वर्षं! मी सत्तरीकडे झुकलेला असेन. नातवाला खांद्यावर घ्यायला खांदा तरी राहील का? खोट काढायला बसलं तर तुझ्यामाझ्यात शंभर निघतील. माझ्या आईनं तुझ्या अंगणातला केरसुणीचा फराटा बघितला आणि हो म्हणाली. वाकडा होता तो! तरी हो म्हणाली.

ती हळूच म्हणाली, "वाकडा होता?"

म्हटलं, होता. मला आईनं नंतर सांगितलं. 'पोरीला केर काढता येत नाही, पण हसते छान.'

बाकी रस्ताभर दोघं गप्प. पण ते गप्प राहणं बरं होतं, का कोण जाणे.

१७ जुलै

ठरलं. पुढच्या वेळी मी आत जाणार. मुलाकडची बाजू म्हणजे काय फक्त बायकाच? काळ बदलला म्हणते ना ती? मग बदलू दे.

३० जुलै, रविवार

गेलो नाही. एक्केचाळीस डिग्री. मी म्हटलं, जाऊ. ती म्हणाली, गाडी तापेल. तीन महिन्यांपूर्वी उलट होतं.

दियोरचा फोन आला होता, दोन मिनिटं, पलीकडे यंत्रांचा खडखडाट. "बाबा, तब्येत कशी?" म्हटलं, माझं सोड, तुझ्यासाठी इथं जिवाचं रान करतोय आम्ही. तो म्हणाला, "काय करताय?" तेवढ्यात साओदतनं फोन घेतला आणि त्याला म्हणाली, "कामावर लक्ष दे, बोटं सांभाळ."

६ ऑगस्ट, रविवार

काम फत्ते! सगळं लिहूनच झोपणार.

यांगियूलला गेलो. घर कालव्याच्या कडेला, निळं दार, अंगणात पीच लगडलेले. साओदत नेहमीसारखी बोचकी उचलून निघाली. "तुम्ही बसा, मी आलेच." मी गाडी बंद केली, दोप्पी सरळ केली आणि तिच्या मागोमाग चालू लागलो. ती म्हणते, "अहो, तुम्ही कुठं?" म्हटलं, आत. "अहो, रीत नाही!" म्हटलं, रीत गेली खड्ड्यात, सव्वीस दिवस राहिलेत.

तिचा चेहरा असा झाला की काय सांगू. पण दार उघडलं गेलं होतं.

घरची बाई, ओयदिन नाव, साओदतच्याच वयाची, मोठी बोलघेवडी. मला बघून दचकली, पण मग "या, या, आका, बसा!" यजमानही भला माणूस, कालव्याच्या खात्यातला. तिथं एक तरुणही होता, मुलीचा भाऊ असावा. आणि मुलगी! अंगणात पाणी शिंपडून केर काढलेला, सरळ फराटा. चहा आणला तो अर्धा कप. नाक सरळ. उंची बेताची. हसली तर आवाज नाही. उजव्या हातानं ओतला! मी साओदतकडे बघितलं, म्हटलं, काढ आता खोट. तिचं लक्षच नाही. ती ओयदिनकडे बघून भुवया उडवतेय, ओयदिन तिच्याकडे बघून. मला कळलं, या दोघी आता काहीतरी फाटे फोडणार. घोरणारे काका निघणार कुठून तरी.

मग मी ते केलं. आमचे दोन नान बोचक्यातून काढले, एकावर एक ठेवले, दोन्ही हातांत धरले आणि सगळ्यांदेखत मोडले. कट्! म्हणालो, "यजमान, आमच्या दियोरसाठी तुमची लेक आम्हाला पसंत आहे. शुभ होवो. आमीन!" आणि हात वर केले.

नान मोडला म्हणजे शब्द दिला. आता साओदतच्या बापालाही मागं फिरता येणार नाही.

मुलगी ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. किती लाजाळू! तो भाऊ चहा पीत होता, त्याच्या नाकातून चहा बाहेर आला, तो खोकत खोकत पीचच्या झाडामागं गेला. बहीण जाणार म्हणून हेलावला असेल बिचारा. यजमानांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं साओदतकडे, साओदतनं जमिनीकडे. शेवटी यजमानांनी हात वर केले आणि म्हणाले, "आका, मोडलेला नान परत जोडता येत नाही. तर तो खाऊ या. आपली दोन घरं जोडली गेली, एवढं मात्र नक्की. आमीन!" भला माणूस! डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मग पुलाव आला, तो असा की मी दोनदा घेतला.

परतताना साओदत डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं सारखी डोळे पुसत होती. म्हटलं, रड. मुलाचं लग्न ठरलं की आई रडायचीच.

७ ऑगस्ट

मावलोनला सांगितलं. मोहल्ल्यात बातमी पोचली असेल एव्हाना. साओदत म्हणतेय, "इतक्यात कोणाला सांगू नका हो." का नको? चोरी केलीय? उद्या दियोरला रात्रपाळी नाही, मीच फोन करणार.

८ ऑगस्ट

फोन केला.

म्हटलं, पोरा, अभिनंदन, तुझा नान मोडला! तो म्हणाला, "बाबा, आईनं तुम्हाला सांगितलं नाही?"

काय सांगितलं नाही? तर त्यानं मुलगी केव्हाच ठरवलीय. कोकंदची आहे, तिकडेच इस्पितळात काम करते, मोहिनूर नाव. मार्चमध्ये, नवरोजलाच त्यानं आईला कळवलं. सप्टेंबरात दोघं बरोबर येणार, कायमचे. नवा करार नाही, तीन वर्षं नाहीत. "आई म्हणाली, बाबांना मी योग्य वेळी सांगेन, तू मध्ये बोलू नकोस."

आनंद व्हायला हवा होता. झालाही, अर्धा मिनिट. मग डोकं फिरलं. म्हणजे मे महिन्यापासून ही बाई लोकांच्या लेकी बघत हिंडली, माहीत असून! चहा प्यायली, नाकं मोजली! आणि ती यांगियूलची पोर? तिला आता काय तोंड दाखवू?

साओदतशी बोलणं बंद.

११ ऑगस्ट

अजून बंद. ती दोनदा बोलायला आली. मी खिडकीबाहेर बघितलं.

आज मीच ठरवलं, रविवारी यांगियूलला जाऊन त्या माणसाच्या पाया पडायचं. चूक घरातल्या बाईची, पण नान माझ्या हातांनी मोडला.

१३ ऑगस्ट, रविवार

पहाटेच दोप्पी घालून निघालो. साओदत दारात आडवी उभी राहिली.

"ओयदिन माझी वसतिगृहातली मैत्रीण आहे," म्हणाली. "सगळ्याच. पार्केंत, होजाकेंत, चिनोझ, सगळीकडे. एका खोलीत राहायचो आम्ही. मुलगी कुठंच नव्हती, कोणाला फसवलं नाही मी. तुम्ही जिच्यासाठी नान मोडलात ती ओयदिनची लग्न झालेली लेक, आणि ज्याच्या नाकातून चहा आला तो त्या लेकीचा नवरा."

मी खालीच बसलो, चपलांवर.

म्हटलं, मग हे सगळं कशासाठी?

"नोकरी संपली आणि तुम्ही तीन महिने त्या खिडकीत बसलात. बोलायचा नाहीत. ताट ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर नाही. फिरायला चला म्हटलं की मान हलवायचा. मला फार भीती वाटायला लागली होती हो. पोराचं काम म्हटल्यावर तुम्ही पहिल्यांदा उठलात."

मग मी गाडीची किल्ली घेतली.

"कुठं?"

"तू सांग," म्हटलं.